बाल्कनीत जांभ्याची खडकबाग

गोव्यात खडकबाग, म्हणजे दगडांच्या फटींत जाड पाना-खोडांची झाडं, लावताना आधी पावसाचा विचार करा. ही झाडं उन्हाने क्वचितच मरतात. जून ते सप्टेंबर मुळांशी पाणी तुंबलं की मात्र कुजतात. म्हणून दिवाळीच्या सुमाराला सुरुवात करा. पुढच्या मृगापर्यंत मुळांना सहा-सात महिने मिळतात.

मासळीची थर्माकोलची पेटी भांडं म्हणून उत्तम, कारण ती हलकी असते. 50 सेंमी लांब, 35 रुंद आणि 18-20 सेंमी उंच एवढी पुरे. वास आणि खार जाईपर्यंत साबणाने धुवा. तळाला अंगठ्याएवढी सहा भोकं पाडून वर जाळी टाका. ऑइल पेंट किंवा थिनर लावू नका, थर्माकोल विरघळतो. भरलेली, भिजलेली पेटी दगडांसकट 50 किलोच्या आसपास जाते, तेव्हा ती कठड्यावर नको, भिंतीलगत ठेवा.

तळाला खडीचा जाड थर घालायची सवय सोडा. बारीक मिश्रणातलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, वरच अडून बसतं आणि नेमकी मुळं भिजत राहतात. त्याऐवजी वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा: 3 ते 6 मिमी खडी दोन भाग, जाडी नदीची रेती एक भाग, लाल माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिळून एक भाग. खडी चाळून आणि धुऊन घ्या, नाहीतर तिची पूड भोकं बुजवते. समुद्राची रेती नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो. कोकोपीट पावसाळ्यात स्पंजासारखं ओलं राहतं.

दगड चिऱ्याचेच, म्हणजे जांभ्याचेच घ्या. जुन्या घराचे फुटके तुकडे मिळाले तर फारच छान, फक्त चिकटलेलं सिमेंट खरवडून काढा. ताजा चिरा नरम असतो, कोयत्यानेही तासता येतो. हवेत सुकला की घट्ट होतो. 20, 15 आणि 10 सेंमीचे तीन तुकडे पुरतात. प्रत्येकाचा तिसरा हिस्सा मिश्रणात गाडा आणि माथा किंचित मागे कलवा, म्हणजे पडलेलं पाणी मुळांकडे जातं. हाताने दाबल्यावर दगड डुगडुगला तर काढून पुन्हा बसवा.

या बागेचा जीव दोन चिऱ्यांमधल्या फटीत आहे. 2-3 सेंमी फट ठेवा, निम्मी भरा, रोपाची मुळं धुऊन त्यात आडवी न पसरता खाली सोडा, मग काडीने मिश्रण ठासा. मुळं खोल गारव्याकडे जातात आणि झाडाची मान, म्हणजे खोड मातीतून वर येतं ती जागा, दगडावर कोरडी राहते. कूज मानेपासूनच सुरू होते, म्हणून ही फट एवढी मोलाची.

उन्हाच्या बाल्कनीत ऑफिस टाइम, बुटका ख्रिस्ताचा काटा, पोर्टुलाकारिया लावा; सावलीत हॉवर्थिया आणि बुटकी सान्सेव्हेरिया. एचेव्हेरियाला थंड रात्री लागतात, इथल्या दमट उकाड्यात ती टिकणं कठीण. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची, दवबिंदू किंवा सीतेची आसवं ही रोपं उपटून आणू नका. पातळ, निकस, ओल्या मातीतच ती जगतात, कुंडीत मरतात. लावून झाल्यावर वर दीड सेंमी खडी पसरा आणि चार दिवस पाणी देऊ नका.

पुढे बोट खुपसून दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी द्या. जूनआधी पेटी दोन विटांवर, छपराखाली सरकवा. चिऱ्याचं लाल पाणी फरशीवर डाग पाडतं, पण म्हणून खाली ताट ठेवू नका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. समुद्राकडच्या बाल्कनीत वाऱ्याबरोबर येणारा खार अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा.

पानं काचेसारखी पारदर्शक आणि खोड मऊ झालं तर ती कूज आहे. ब्लेडने खोड वरच्या बाजूला, आत कुठेही तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत कापा. तो शेंडा सावलीत चार-पाच दिवस सुकवा आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा खोचा.