डिस्नीवर वाद घालताय? आधी या चुका टाळा

दारव्हा-दिग्रसकडच्या पानठेल्यावर डिस्नी कंपनीवरून भांडणं होतात हे ऐकून पुण्या-मुंबईकडच्यांना हसू येतं. येऊ द्या. पुण्यात इंजिनिअरिंग करून गावी परतलेला एक, नागपुरात नोकरी करून शनिवार-रविवारी येणारा दुसरा आणि हंगामात जिनिंगवर काट्याचा हिशेब पाहणारा तिसरा असे एकत्र आले, की कंपनीचे प्रमुख राहिलेले आयगर-चॅपेक, तिचे स्टुडिओ मार्व्हल-पिक्सार, सगळे बाहेर निघतात. तळमळ खरी असते, पण आकडे भलत्याच खणातून काढलेले असतात. तेच ते घोळ पुन्हा पुन्हा कानावर पडतात, त्यातले मोठे इथे घेतो.

पिक्चर पडला म्हणून कंपनी बुडवू नका

एखाद्या मोठ्या सिनेमानं मार खाल्ला की दुसऱ्या दिवशी ऐकू येतंच, "गेली बे आता डिस्नी." इथं थांबून एवढंच विचारायचं, कंपनीला पैसा कुठून येतो?

डिस्नी आपला हिशेब तीन विभागांत मांडते. एंटरटेनमेंटमध्ये सिनेमे, टीव्ही वाहिन्या आणि स्ट्रीमिंग, स्पोर्ट्समध्ये ईएसपीएन आणि एक्सपिरियन्सेसमध्ये पार्क, हॉटेलं, जहाजं आणि खेळणी-कपड्यांचे परवाने. 2024 च्या आर्थिक वर्षात कंपनीचा एकूण महसूल 91.4 अब्ज डॉलर होता. त्यात एक्सपिरियन्सेसचा वाटा 34 अब्जांच्या आसपास, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त. पण तिन्ही विभागांचा मिळून जो 15.6 अब्जांचा ऑपरेटिंग नफा (म्हणजे व्याज-कर जाण्याआधीचा, धंद्यातून आलेला नफा) झाला, त्यातले 9.3 अब्ज एकट्या एक्सपिरियन्सेसचे. साठ टक्के! सिनेमाचं अपयश पेपरात दिसतं, घर मात्र पार्क आणि जहाजं चालवतात.

यावरून "मंग सिनेमे बंद करा ना" असं म्हणणारेही आहेत. तेही चुकतात. पार्कमधल्या राइड सिनेमातल्या पात्रांवरच उभ्या राहतात. एक सिनेमा पडल्याचा परिणाम त्या वर्षीच्या पार्कवर दिसणार नाही, पण दहा वर्षं एकही नवं पात्र लोकांच्या मनात रुजलं नाही तर दिसेल.

आणि एक्सपिरियन्सेसचा सगळा नफा "पार्कचा नफा" म्हणून सांगू नका, परवान्यांचं उत्पन्नही त्यातच आहे. आपल्या आठवडी बाजारात टांगलेल्या दप्तरांवरच्या मिकीचे पैसे त्यात आहेत का, हे मला विचारू नका. त्या मिकीचे कानसुद्धा नीट नसतात.

तारीख न पाहता माणसाला धोपटू नका

सगळ्यात जास्त भांडण इथंच होतं. "चॅपेकनं वाट लावली राजा, आयगरच बरा होता." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर तारखांचा कागद करून ठेवावा असं वाटतं. करूनच पाहू.

बॉब आयगर 2005 मध्ये प्रमुख झाले. 2006 मध्ये पिक्सार, 2009 मध्ये मार्व्हल, 2012 मध्ये लुकासफिल्म या खरेद्या त्यांच्या आणि त्या भारी निघाल्या यात वाद नाही. मार्च 2019 मध्ये फॉक्सची मोठी मालमत्ता 71 अब्ज डॉलरला घेतली तीही त्यांनीच. कंपनीवरचं कर्ज फुगलं ते तेव्हा. डिस्नी प्लस ही कंपनीची स्ट्रीमिंग सेवा सुरू झाली 12 नोव्हेंबर 2019 ला, तेही आयगर असतानाच. बॉब चॅपेक खुर्चीवर बसले 25 फेब्रुवारी 2020 ला. तीन आठवडे होत नाहीत तोच कोरोनामुळे कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातले पार्क बंद. कॅलिफोर्नियाचं डिस्नीलँड तर एप्रिल 2021 अखेरपर्यंत उघडलंच नाही. नफ्याचा सगळ्यात मोठा झरा आटला तो असा. हे कोणत्या बॉबच्या नावावर टाकायचं?

आता स्ट्रीमिंगचा तोटा. जुलै ते सप्टेंबर 2022 या तिमाहीत तो जवळपास 1.5 अब्ज डॉलरवर गेला आणि हा आकडा जाहीर झाल्यावर दोन आठवड्यांतच, 20 नोव्हेंबरला, चॅपेक गेले आणि आयगर परत आले. म्हणून लोक म्हणतात, तोटा चॅपेकचा. पण 2019 मध्ये, सेवा सुरू व्हायच्या आधीच, कंपनीनं गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की डिस्नी प्लस 2024 च्या आर्थिक वर्षात नफ्यात येईल. म्हणजे मधली वर्षं तोट्याचीच धरलेली होती. आणि एप्रिल ते जून 2024 च्या तिमाहीत कंपनीचा सगळा स्ट्रीमिंग व्यवसाय मिळून पहिल्यांदा नफ्यात आला. जुनाच वायदा, जवळपास वेळेवर. त्याचं श्रेय आयगरना देणाऱ्यांनी अधलेमधले खड्डे एकट्या चॅपेकच्या खात्यावर टाकू नयेत.

मग चॅपेक निर्दोष का? नाही. डिसेंबर 2020 मध्ये डिस्नी प्लसच्या ग्राहकसंख्येचं लक्ष्य एकदम 23 ते 26 कोटींवर नेलं, ते त्यांच्या काळात. ते गाठायला खर्चही तसाच वाढला. ऑक्टोबर 2020 च्या फेरबदलात सिनेमे-मालिका बनवणाऱ्यांच्या हातून पैशाचे निर्णय काढून वितरणाच्या वेगळ्या विभागाकडे दिले. माझ्या मते त्यांची खरी चूक ही. आयगरनी परत येताच तो विभाग मोडायला घेतला. पार्कमध्ये रांग टाळायची फुकट सोय जाऊन पैसे मोजायची सोय आली, तीही 2021 मधली. पार्कवाल्या चाहत्यांचा राग बहुतेक तिथला आहे आणि तो रास्त आहे.

या सगळ्यात संचालक मंडळ अलगद सुटतं. जून 2022 मध्ये याच मंडळानं एकमतानं चॅपेकचा करार तीन वर्षांनी वाढवला आणि पाच महिन्यांत त्यांनाच काढलं. जिनिंगवाल्या आमच्या गड्यानं हे ऐकून विचारलं, "मंग वाढवलाच कायले?" या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला तरी कुठल्या विश्लेषणात सापडला नाही.

"पूर्वी असं नव्हतं" हेही म्हणू नका. मायकेल आइस्नर 1984 मध्ये प्रमुख म्हणून आले, जोडीला फ्रँक वेल्स होते. वेल्स 1994 मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले. 2003 मध्ये वॉल्टचे पुतणे रॉय ई. डिस्नी मंडळातून बाहेर पडले आणि त्यांनी आइस्नर हटाव मोहीम उघडली. 2004 च्या सभेत चाळीस टक्क्यांहून जास्त मतांनी आइस्नरना पाठिंबा नाकारला. अध्यक्षपद गेलं, पुढच्या वर्षी खुर्चीही. "डिस्नी घराण्यानं आता लक्ष घालावं" म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की रॉय 2009 मध्ये वारले आणि आज कंपनीचे सगळ्यात मोठे भागधारक व्हॅनगार्ड, ब्लॅकरॉक यांच्यासारख्या फंड कंपन्या आहेत. एप्रिल 2024 मध्ये गुंतवणूकदार नेल्सन पेल्ट्झ मंडळात शिरायला निघाले, तेव्हा निकाल भागधारकांच्या मतांनी लागला आणि पेल्ट्झ हरले.

शेअरचा भाव म्हणजे प्रगतिपुस्तक नव्हे

भावावरूनच माणूस जोखायचा तर चॅपेक जिंकतात. मार्च 2021 मध्ये शेअर 200 डॉलरच्या वर गेला होता आणि पार्क तेव्हा धड उघडलेसुद्धा नव्हते. आयगर परतल्यावर, ऑक्टोबर 2023 मध्ये, तो 80 च्या आसपास आला. ही दोन वाक्यं सांगा आणि समोरचा विषय कसा बदलतो ते पाहा.

प्रत्येक पार्क डिस्नीच्या मालकीचं धरू नका

टोकियोत तिकीट वाढलं की "डिस्नी लुटून राहिली" सुरू. टोकियो डिस्नीलँड 1983 पासून ओरिएंटल लँड या जपानी कंपनीचं आहे. बटईसारखंच समजा, फक्त इथं वावर, मजूर, खत सगळं समोरच्याचं, डिस्नीचं नुसतं बियाणं, आणि वाटा खर्च वजा न करता एकूण उत्पन्नावर. अबुधाबीत जे पार्क 2025 मध्ये जाहीर झालं, तेही मिराल ही तिथली कंपनी बांधणार आणि चालवणार. शांघायमध्ये डिस्नीचा हिस्सा 43 टक्के, बाकी चिनी सरकारी गटाचा. हाँगकाँगमध्ये तिथलं सरकार मोठं भागीदार आहे. पॅरिस मात्र 2017 पासून पूर्ण डिस्नीचं.

म्हणून 2023 मध्ये जाहीर झालेली दहा वर्षांतली 60 अब्ज डॉलरची गुंतवणूक "जगभर पार्क काढणार" अशी सांगू नका. त्यात असलेल्या पार्कांचा विस्तार आणि नवी जहाजंही आहेत.

गर्दीच्या आकड्यांचंही तसंच. अमुक पार्कला वर्षाला इतके कोटी लोक, हे आकडे डिस्नी देत नाही. ते बाहेरच्या संस्थांचे अंदाज असतात. कंपनी आपल्या अहवालात गर्दी किती टक्के वाढली-घटली आणि माणशी खर्च किती टक्के बदलला एवढं सांगते. वाचायचं ते दुसरं. रिकाम्या रस्त्याचा फोटो दाखवून पार्क बुडाल्याचं सिद्ध होत नाही. कमी माणसं जास्त पैसे मोजत असतील तर नफा वाढतोच. कॅलिफोर्नियात गर्दीच्या दिवसाचं एका दिवसाचं तिकीट 200 डॉलरच्या पुढे गेलंय, ते उगाच नाही.

यावर आमच्याकडचा हुकमी मुद्दा असतो शेगावचा. "आनंद सागरात तळं होतं, झुकझुक गाडी होती, अन् तिकीट केवढुसं! मंग यायलेच कावून परवडत नाही?" बोलायला जोरकस आहे, पण खण चुकला. शेगावला संस्थान आहे, भाविकांची देणगी आहे आणि विनावेतन राबणारे सेवेकरी आहेत. नफा वाटून मागणारा भागधारक तिथं नाही. तुलना करायचीच तर खोपोलीच्या इमॅजिकाशी करा. 2013 मध्ये पार्क सुरू झालं, 2015 मध्ये शेअर बाजारात आलं, पण कर्जाच्या ओझ्याखाली कंपनी वाकली आणि अखेर 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. पार्क बांधायचा पैसा आधी लागतो आणि तिकिटाचा हळूहळू येतो. मधलं व्याज कोणासाठी थांबत नाही.

स्टार प्रवाहचा राग कॅलिफोर्नियावर काढू नका

फॉक्सच्या खरेदीत स्टार इंडिया डिस्नीकडे आली, म्हणजे आपल्या घरोघरी संध्याकाळी लागणारं स्टार प्रवाहसुद्धा. पण 14 नोव्हेंबर 2024 ला स्टार आणि रिलायन्सची व्हायाकॉम18 एकत्र होऊन जिओस्टार झाली. त्यात डिस्नीचा हिस्सा 36.84 टक्के, ताबा रिलायन्सचा. जिओहॉटस्टारचा पॅक महागला तर बोट आता मुंबईकडे.

या व्यवहाराचा एक चटका डिस्नीच्या हिशेबात दिसतो आणि तो हमखास चुकीचा वाचला जातो. जानेवारी ते मार्च 2024 या तिमाहीत कंपनीला 2 कोटी डॉलरचा निव्वळ तोटा झाला. "पार्क आटोपले" अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात स्टार इंडिया आणि अमेरिकेतल्या जुन्या टीव्ही वाहिन्यांची खात्यावरची किंमत 2 अब्ज डॉलरहून जास्त उतरवली होती. खरेदीच्या वेळी लिहिलेली किंमत आज येणार नाही हे मान्य केलं, इतकंच. त्या दिवशी गल्ल्यातून रोकड गेली नाही. म्हणून निव्वळ नफा-तोट्याआधी विभागवार ऑपरेटिंग नफ्याचा तक्ता उघडायचा.

वर्ष आणि शून्यं

डिस्नीचं आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपतं. त्यामुळे तिचं 2024 म्हणजे ऑक्टोबर 2023 ते सप्टेंबर 2024. दिवाळी-नाताळची तिमाही ही तिची पहिली. आपल्या एप्रिल-मार्चच्या सवयीनं वाचलं की चॅपेकची तिमाही आयगरच्या नावावर जाते.

बिलियन म्हणजे अब्ज, म्हणजे 100 कोटी. मिलियन म्हणजे 10 लाख. डॉलर 85 रुपयांचा धरला तर ते 60 अब्ज डॉलर 5 लाख 10 हजार कोटी रुपये होतात. मोबाइलवर आलेल्या मेसेजमध्ये यातलं एखादं शून्य हमखास गळालेलं असतं.

आवडतं म्हणून शेअर घेऊ नका

कापसाचे पैसे आले की कोणीतरी म्हणतंच, "एक तरी डिस्नीचा घेऊनच टाकू." घ्या, कायद्यानं घेता येतो. पण लाभांशाच्या भरवशावर नको. 2020 मध्ये कंपनीनं तो थांबवला आणि 2023 च्या शेवटी पुन्हा जाहीर केला. मधल्या काळात चाहत्याला काही मिळालं असेल तर ते सिनेमेच. जो लाभांश येतो त्यातून अमेरिकेत 25 टक्के कर आधीच कापला जातो. भारतातल्या विवरणपत्रात तो दाखवून त्याचं श्रेय मागावं लागतं.

आणि एकच शेअर असला तरी विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये परदेशी मालमत्ता म्हणून तो दाखवायचा असतो. तिथली माहिती एप्रिल-मार्चची नसते आणि डिस्नीसारखी ऑक्टोबर-सप्टेंबरचीही नसते. ती भरायची जानेवारी ते डिसेंबरची, हे तालुक्याच्या कर सल्लागाराला फॉर्म देताना आधीच सांगून ठेवा.