आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड घेताय? मग पीएसयू किती वॅटचा घ्यायचा

महागडा गेमिंग पीसी ठरवताना सगळा जीव ग्राफिक्स कार्डात अडकलेला असतो आणि शेवटी जे पैसे उरतील त्यात पीएसयू (पीसीला वीज देणारा पॉवर सप्लाय) बसवायचा, हे प्लीज करू नका. मी आरटीएक्स ३०८० कार्डाला घरातला जुनाच ६५० वॅटचा सप्लाय ठेवला होता, जड गेम लावला की स्क्रीन काळी आणि मशीन थेट रिस्टार्ट, कधी दहा मिनिटांत कधी तासाभराने. रॅम बदलून बघितली, विंडोज परत टाकलं, आठवडा गेला, शेवटी मित्राचा ८५० वाला लावला आणि त्या क्षणापासून एकदाही बंद पडला नाही.

हिशोब कसा करायचा ते बघा. समजा रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०८० घेताय. प्रोसेसरच्या बॉक्सवर १२० वॅट असतं पण तो १६२ पर्यंत घेऊ शकतो, म्हणून १६२ धरायचे. कार्डाचे ३६०. बोर्ड, रॅम, दोन एसएसडी, फॅन, लिक्विड कूलर सगळं मिळून ७०-८०. झाले साधारण ६००.

मग ६५० पुरेल की, असं वाटतं आणि इथेच माझंही चुकलं होतं. ३६० ही कार्डाची सरासरी आहे, मधेच मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी ते याच्या खूप वर उसळी मारतं आणि सप्लाय कमी क्षमतेचा असेल तर त्याचं प्रोटेक्शन (जास्त लोड आला की आपोआप बंद होण्याची सोय) ट्रिप होऊन सगळं बंद. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या सप्लायच्या स्टँडर्डमध्ये याचसाठी नियम केलाय, की कार्डासाठी नवा १६ पिनचा प्लग असलेल्या सप्लायने स्वतःच्या रेटिंगच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद झेलली पाहिजे. त्यामुळे आता घेताय तर एटीएक्स ३.१ चाच घ्या, त्यात कनेक्टरही सुधारलेला आहे.

बेरजेवर ३०-४० टक्के वर ठेवा, म्हणजे इथे ८५०. एनव्हिडियाही ५०८० ला ८५० च सांगते. ५०९० एकटंच ५७५ घेतं, त्याला कंपनी १००० सांगते, पण सोबत २५३ वॅटपर्यंत जाणारा आय९ १४९००के प्रोसेसर असेल तर बाकीचे ७०-८० धरून बेरीजच ९०० च्या आसपास जाते, तिथे मी १२०० च घेईन.

मोठा सप्लाय घेतला म्हणून लाइट बिल वाढत नाही, पीसीला लागेल तेवढंच तो ओढतो. पीसीला ६०० लागत असतील आणि एफिशियन्सी (भिंतीतून घेतलेल्यातली किती वीज पीसीला मिळते ते) ९० टक्के असेल तर भिंतीतून ६६५-६७० जातील, मग सप्लाय ८५० चा असो की १००० चा, फरक फार थोडा. आणि बॉक्सवर छापलेलं ८० प्लस गोल्ड म्हणजे फक्त एफिशियन्सी, क्वालिटीची गॅरंटी नाही, म्हणून त्या मॉडेलचा नीट टेस्ट केलेला रिव्ह्यू वाचा.

दुकानात बॉक्स उलटा करून लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२ करा म्हणजे वॅट मिळतील, ८५० वाल्यात ७० च्या आसपास अँपिअर हवेत. बरेच कमी असतील तर बॉक्सवरचा मोठा आकडा फुगवलेला आहे, ठेवून द्या परत. रेटिंग किती तापमानाला दिलंय तेही बघा, ४० किंवा ५० डिग्री हवं, आपल्याकडे मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या खोलीत केसच्या आत काय होत असेल विचार करा.

जुन्या सप्लायच्या मॉड्युलर (काढता-लावता येणाऱ्या) केबल नव्याला लावू नका, प्लग बसला तरी आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि पार्ट जळू शकतात. १६ पिनचा प्लग शेवटपर्यंत दाबा, अर्धवट राहिला तर वितळू शकतो.

घरी लाइट जात असेल तर यूपीएसचं पण बघा, त्यावर व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेलं असतं, वॅट वेगळे. साधा ६०० व्हीएवाला साधारण ३६० वॅटच देतो, या पीसीला गेम चालू असताना तो पुरणारच नाही.