ग्रीसची उन्हाळी अभ्याससहल: १२ दिवस कसे आखावेत

मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य हा ग्रीससाठी उत्तम काळ, आणि तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांना सुट्टीही असते. जुलै-ऑगस्टमध्ये अथेन्सचा पारा चाळिशी ओलांडतो. गेल्या काही वर्षांत उष्णतेच्या अशा लाटेत तिथलं टेकडीवरचं प्राचीन स्थळ अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं आहे.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसाचा (ग्रीससह युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. नियमानुसार १५ दिवस आधीपर्यंत चालतो, पण त्यावर विसंबू नका. सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, म्हणून फेब्रुवारीअखेर अर्ज गेलेला बरा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, शेंगेन सोडल्यानंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, कॉलेजचं बोनाफाइड आणि खर्च करणाऱ्या पालकांचं बँक स्टेटमेंट लागतं. विद्यार्थी १८ वर्षांखालचा असेल तर आई-वडील दोघांचंही नोटरी केलेलं संमतीपत्र जोडा. एकच सही असली की अर्ज अडकतो.

निघण्याआधी तीन बैठका

पहिली बैठक लिपीची. आल्फा, थीटा, पाय, सिग्मा मुलांना गणितातून ओळखीची असतात, त्यामुळे दोन तासांत बसवरच्या पाट्या वाचता येऊ लागतात. उच्चार मात्र बदललेत: ज्याला आपण बीटा म्हणतो, ते अक्षर आजचे ग्रीक 'व' वाचतात. आणखी एक घोळ आधीच सांगून ठेवा. तिथे 'नॅ' म्हणजे 'हो', पण मराठी कानाला ते 'नाय' वाटतं. नकारासाठी 'ओही' म्हणतात, किंवा नुसती हनुवटी वर करून 'च्यक्'.

दुसरी बैठक कार्ल्याला भरवा. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांच्या दानाचे लेख आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतही योणक इंद्राग्निदत्ताचं लेणं आहे. यवन, योणक हे शब्द मुळात आयोनियाच्या ग्रीकांवरून आले; पण नावं अशी भारतीय असलेले हे दाते खरोखर ग्रीक होते का, हा प्रश्न मुलांसमोर ठेवा. पुराव्याकडे कसं पाहायचं याची तालीम इथेच होते.

तिसऱ्या बैठकीत प्रत्येकाला एक वास्तू किंवा वस्तू वाटून द्या आणि तिच्यावर दहा मिनिटांचं टिपण तयार करून घ्या.

मार्ग

अथेन्स ५ रात्री, नाफ्प्लिओ ३ (इथून मायसिनी आणि एपिडॉरस), ऑलिंपिया १, डेल्फी २. सांतोरिनी गाळा. फेरीबोटीत दोन दिवस जातात आणि इतिहासापेक्षा फोटोच जास्त हाती लागतात. ऑलिंपियाहून डेल्फीला जाताना २००४ साली सुरू झालेला रिओ-अँतिरिओ पूल ओलांडावा लागतो. युरोपीय नियमाप्रमाणे बसचालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती द्यावीच लागते. ती वेळापत्रकात धरली नाही की शेवटचं संग्रहालय हुकतं.

रोजचा क्रम: सकाळी स्थळ, दुपारी संग्रहालय

अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. सकाळी आठचं घ्या आणि डायोनिसस नाट्यगृहाकडच्या आग्नेय दरवाजाने शिरा. मुख्य दरवाजापेक्षा तिथे रांग सहसा लहान असते. संगमरवर पावलांनी गुळगुळीत झालाय, म्हणून रबरी तळाचेच बूट घाला. मोठ्या सॅक आत नेता येत नाहीत.

टेकडीवरचं अथेना देवीचं मंदिर पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३२) समोरून बघून पुढे सरकू नका. कोपऱ्याशी वाका आणि पायरीच्या कडेवरून नजर लांबवर न्या. सरळ वाटणारी रेघ मध्ये फुगलेली दिसते. लांब बाजूला हा उठाव सुमारे ११ सेंटिमीटर आहे. खांबही किंचित आत झुकलेले आहेत. मग छप्पर आणि मधला भाग का नाही, ते विचारा: १६८७ मध्ये उस्मानी सैन्याने इथे बंदुकीची दारू साठवली होती आणि व्हेनिसच्या तोफगोळ्याने तिचा स्फोट झाला.

दुपारी पायथ्याच्या संग्रहालयात जा. खांबांच्या जागी छप्पर पेलणाऱ्या सहा कॅरिअ‍ॅटिडपैकी पाच मूळ स्त्रीमूर्ती इथे आहेत, सहावी लंडनला. टेकडीवर दिसतात त्या प्रतिकृती. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पं आहेत: मधाळ रंगाचे दगड अस्सल आणि पांढरेशुभ्र ते प्लास्टरचे साचे. कुठलं शिल्प परदेशी गेलंय हे मुलांना रंगावरूनच ओळखू द्या. संध्याकाळी टिपणं वाचायला प्निक्स टेकडी गाठा. अथेन्सची नागरिकसभा इथेच भरायची, वक्त्याचा दगडी ओटा अजून आहे आणि समोर अ‍ॅक्रोपोलिस. स्थळांवर गटाला माहिती सांगणं हे परवानाधारक गाइडचं काम आहे. शिक्षकांनी तिथे व्याख्यान सुरू केलं तर अडवलं जाऊ शकतं.

मायसिनीआधी अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला सोन्याचा मुखवटा पाहायलाच हवा. जर्मन संशोधक श्लीमानला तो १८७६ मध्ये मायसिनीत सापडला आणि ट्रोजन युद्धातल्या राजा अ‍ॅगमेम्नॉनचा म्हणून गाजला, पण तो ट्रोजन युद्धाच्या पारंपरिक काळाहून काही शतकं जुना आहे. मायसिनीला सावली जवळपास नाही. माणशी दीड लिटर पाणी न्या. एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहात एकाने मध्यभागी उभं राहून कागद फाडावा, बाकीच्यांनी ५५व्या ओळीत बसून ऐकावं. ऑलिंपियाच्या १९२ मीटरच्या मैदानावर उन्हं चढण्याआधी धावून घ्या.

जेवण

शाकाहारींनी 'लादेरा' मागावं, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या: फासोलाकिया (फरसबी), ब्रिआम (मिश्र भाजी). पिवळ्या डाळीची 'फावा' आपल्या घट्ट वरणासारखी लागते. गेमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो. त्यात कधी खिमा असतो, म्हणून 'होरीस क्रेआस', मांसाशिवाय, असं सांगा. उपवासाच्या 'निस्तीसिमो' पदार्थांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्यात दूध-अंडी नसतात, पण ऑर्थोडॉक्स उपवासाला कालवं आणि माकूल चालतात.

शेवटची सूचना निघण्याच्या दिवशी पुन्हा द्या: कुठल्याही स्थळावरून खापरीचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. ग्रीसच्या पुरावस्तू कायद्यात तो गुन्हा आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात.