कॅमेरा सगळ्यात शेवटी

बारावीचा निकाल लागला आणि घरात ‘पोरगं फिल्मचं काहीतरी शिकायचं म्हणतंय’ यावर वाद सुरू झाला, की पहिला प्रश्न येतो: कॅमेरा कुठला घ्यायचा? कुठलाच नको. पहिलं वर्ष खिशातल्या मोबाईलवर निघतं आणि ते पैसे होस्टेलच्या डिपॉझिटला लागतात.

आधी जायचं कुठं ते ठरवा. मास कम्युनिकेशनमध्ये बातमी, जाहिरात, जनसंपर्क. फिल्म मेकिंगमध्ये शूटिंग आणि एडिटिंग. फिल्म स्टडीजमध्ये बघणं आणि लिहिणं. नावं सारखीच वाटतात, म्हणून माहितीपत्रकात कुठले पेपर आहेत ते वाचा. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेतले दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी हे तीन वर्षांचे कोर्स पदवीनंतरचे आहेत. बारावीवर तिकडं धावू नका.

कागदपत्रांचं मेमध्येच उरका, जूनमध्ये सेतू केंद्रापुढची रांग रस्त्यावर येते. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तारीख बघून घ्या. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय का, तेही.

मग प्रवेशाची मुलाखत. माझ्या वेळी समोरच्यांनी विचारलं, “कोल्हापूरचा ना? मग बाबूराव पेंटरांचं सांग.” मी पुतळा एवढंच सांगू शकलो. पुढचा प्रश्न आलाच नाही! तेव्हा पाठ नको, पण एवढं तरी डोक्यात असू दे: नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या या माणसानं कॅमेरा इथंच बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्यांनी १९२९ मध्ये इथं प्रभात फिल्म कंपनी काढली, ती १९३३ ला पुण्याला गेली, आणि आज एफटीआयआय उभी आहे ती प्रभातच्याच जागेवर. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ आपण गाडीवरून हजारदा ओलांडतो. एकदा उतरून बघा.

आता सराव, आणि तो कानापासून. संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जा आणि म्हैस पिळतानाचा आवाज टिपा. रिकाम्या चरवीत पहिली धार पडते तेव्हा पातळ, टणटणीत वाजते. चरवी भरत आली की फेस तो आवाज गिळतो आणि नुसतं घुसघुस ऐकू येतं. चित्र न दाखवता भांडं किती भरलंय ते कळतं. मोबाईल भांड्याजवळ धरा, गाडीच्या हॉर्नकडं पाठ करा, आणि शेवटी कुणी काही न बोलता तीस सेकंद त्या जागेचा आवाज वेगळा घ्या. एडिटमध्ये दोन तुकड्यांमधली फट त्यानं भरते. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. मी टाकला नव्हता. तेवढी छान धार चालू असताना आईचा फोन आला, “येताना कोथिंबीर आण.”

मोबाईलच्या व्हिडिओत ट्यूबलाइटखाली काळे पट्टे सरकतात? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं की बहुतेक पट्टे जातात. एवढं येत असलं तरी वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या पुढं आहात.

आवडता एखादा प्रसंग घ्या, पहिल्यांदा नेहमीसारखा बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, तिसऱ्यांदा पडद्याकडं पाठ फिरवून नुसता ऐका. कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर किती वेळा जातो ते, मोजा, वहीत लिहा. वही कागदाचीच.

देवळात, बाजारात, तालमीत शूट करायच्या आधी विचारा. कोल्हापुरात विचारलं की चहासुद्धा मिळतो, न विचारता केलं तर मग काय मिळतं ते तुम्हाला माहीतच आहे. केलेलं दोन ठिकाणी ठेवा, एक पेनड्राइव्ह घरी.

बॅगेत इअरफोन वायरवाला. ब्लूटूथवर आवाज किंचित मागून येतो आणि एडिटला ओठ-शब्द जुळत नाहीत. तोही दोन घ्या, पहिल्याच आठवड्यात एक कुणीतरी ‘जरा दे’ म्हणून घेऊन जातं.