बॉर्डर कॉलीला अ‍ॅजिलिटी शिकवताना या चुका टाळा

अ‍ॅजिलिटी म्हणजे माणसाच्या खुणांवर कुत्र्याने उड्या, बोगदे असे अडथळे पार करायचा खेळ. इंग्लंडमधल्या आमच्या तिसऱ्याच स्पर्धेत माझी बॉर्डर कॉली (मेंढ्या हाकणाऱ्या जातीची कुत्री) चिंगी उडीची दांडी सोडून सरळ बोगद्यात घुसली. मी तर "जंप, जंप" असं ओरडत होते! घरी येऊन व्हिडिओ पाहिला, तर माझे खांदे आणि पाय बोगद्याकडे वळलेले. तिने माझं ऐकलंच होतं, फक्त तोंडाचं नाही, अंगाचं.

कॉलीवाल्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. मेंढीने मान वळवली तरी टिपणारी नजर या जातीच्या रक्तात आहे. शब्द कानावर पडायच्या आत तिला तुमचा खांदा दिसतो. ती हवेत झेपावली की उतरायची दिशा ठरलेली असते, म्हणून खूण उडी घेण्याआधी मिळाली पाहिजे. आधी कुत्र्याशिवाय कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, चाला. कुठे वळायचं ते पायांना पाठ होऊ दे. खूण सारखी उशिरा मिळाली की कॉली समोर गिरक्या घेते, भुंकते, पँटचा पायचा धरते. लोक मस्ती समजून रागावतात. ती बिचारी "आता कुठे?" एवढंच विचारत असते.

दुसरी चूक सीसॉची, म्हणजे वरखाली होणाऱ्या फळीची, घाई. फळी धाडकन आपटते, कुत्रं बिचकतं आणि पुढच्या वेळी फळी टेकायच्या आत उडी मारतं. खालच्या टोकाच्या रंगीत पट्ट्याला पाय लागला नाही की 5 फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. मी फळीच्या टोकाखाली घडी केलेली जुनी गोधडी ठेवली, आवाज अगदी मऊ येईल अशी. चिंगी टोकावर निवांत उभी राहून खाऊ खायला लागली की एक घडी कमी. चार आठवडे गेले, पण भीती बसली नाही.

रिंगणाबाहेर दुसऱ्यांची धावपळ टक लावून बघू देऊ नका. ती दबा धरून बसते आणि आपल्याला वाटतं, किती एकाग्र! पाळी येईपर्यंत ती निम्मी थकलेली असते. पिंजऱ्यावर चादर टाका किंवा लांब फिरवून आणा.

पिल्लाला उंच उड्या तर नकोतच. ब्रिटिश केनेल क्लब 18 महिन्यांआधी स्पर्धेत उतरू देत नाही, कारण हाडांची वाढ पूर्ण व्हायला वेळ लागतो. तोवर दांडी जमिनीवर ठेवा.

एक गोष्ट मात्र पुण्या-नागपूरच्या कॉलीवाल्यांना कळकळीने सांगते. ही जात दमली तरी स्वतःहून थांबत नाही. काही कॉलींना जोरदार पळाल्यावर दहाएक मिनिटांतच झोकांड्या जातात, मागचे पाय फरफटतात, नजर हरवते. याला बॉर्डर कॉली कोलॅप्स म्हणतात. तसं दिसलं की खेळ तिथेच बंद. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. उन्हाळ्यात सराव उजाडताच उरका, आणि ती चेंडू तोंडात धरून पुन्हा समोर आली तरी तो खिशात टाका.