स्टिरिओ बंद पडतोय? आधी काळी वायर मोजा

मागच्या मे महिन्यात, ऐन नवतप्यात, माझ्या जुन्या गाडीच्या स्टिरिओनं नवीनच खोड काढली. आवाज १५ पर्यंत सगळं ठीक. १८ वर नेला आणि ढोलकीची थाप पडली की स्क्रीन काळी. दोन सेकंदांनी आपोआप सुरू, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. दुकानात नेली. तिथल्या पोरानं मागच्या वायरीला टेस्टर लावला, लाइट पेटला आणि त्यानं निकाल देऊन टाकला, "सप्लाय बरोबर आहे ताई, सेटच गेला जी." नवा सेट बसवला. मानेवाडा चौक येईपर्यंत नवाही तेच करून राहिला होता.

मी ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये २२ वर्षं असिस्टंट आहे. पोरांना दरवर्षी जे सांगते तेच मी स्वतः विसरले होते. नळाची तोटी बंद असली की पाइपात दाब पूर्ण असतो. तोटी उघडल्यावर बारीक धार आली तर समजायचं, पाइप कुठेतरी चोंदलाय. टेस्टरचा लाइट म्हणजे बंद तोटीतला दाब. त्याला अगदी थोडा करंट पुरतो. सेट जोरात वाजताना कित्येक अँपिअर मागतो, आणि खराब जोड तेव्हाच उघडा पडतो.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर (नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत स्वस्तात मिळतो), इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डर आणि दोन वायरींसकट, १० नंबरचा पाना. उन्हाळा असेल तर सकाळी सहाला बसा. दुपारी डॅशबोर्डला हात लावला तर स्टिरिओपेक्षा आपणच जास्त बोंबलू.

आधी बॅटरी. इंजिन बंद करून तासभर थांबल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. इथेच गडबड असेल तर स्टिरिओ उघडू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

सेट पूर्ण बंद असेल तर मग फ्यूज. एक गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये असतो, एक बहुतेक वेळा सेटच्याच पाठीला. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. उडालेल्या लालच्या जागी पिवळा टाकू नका, सिगरेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात नाही. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

बाजारातल्या सेटच्या पिवळ्या वायरीत कायम बारा व्होल्ट लागतात, लालमध्ये चाबी फिरवल्यावर, आणि काळी म्हणजे अर्थिंग, गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी वाट. हे रंग सेटच्या बाजूचे. गाडीच्या बाजूला कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून रंगावर नाही, मीटरवर विश्वास ठेवा. चाबी काढली की घड्याळ आणि स्टेशनं विसरत असेल तर बहुधा लाल-पिवळ्याची अदलाबदल झालेली असते. सेट काढून ठेवलेला असेल तर पिवळी आणि काळी यांच्यामध्ये तो २१ वॅटचा बल्ब लावा. तो जवळपास पावणेदोन अँपिअर ओढतो. मिणमिणला तर वाट खराब आहे.

आता माझं कोडं जिथे सुटलं ती चाचणी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळं टोक लांब वायरीनं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक सेटमागच्या काळ्या वायरीच्या जोडाला. सेट चालू, आवाज मोठा. शेजारी काय म्हणतील ते म्हणू द्या. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेतच हरवलेले व्होल्ट. तो ०.१ च्या खाली हवा. माझ्याकडे १.८ आला. बॅटरीच्या प्लसपासून पिवळ्या वायरीपर्यंत असंच मोजलं तर ०.३. बॅटरी १२.४ वर होती, म्हणजे सेटच्या पदरात १०.३ व्होल्ट. ढोलकीच्या थापेला त्याहूनही कमी, पण तो क्षण साधा मीटर पकडत नाही.

इथे कुणी म्हणेल, मीटर बीपवर ठेवून (वाट जोडलेली असली की तो वाजतो) अर्थिंग तपासली तर? माझ्याही अर्थिंगनं छान बीप दिला होता. काही ओहमचा अडथळा असला तरी मीटर बीप देतो. माझ्या वायरीत सुमारे सहा अँपिअर वाहत होते, म्हणजे अडथळा जेमतेम ०.३ ओहम. एवढा तर स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरींतही असतो.

काळी वायर डॅशबोर्डखालच्या पट्टीला स्क्रूनं लावलेली सापडली, तीही रंगावरच. बॅटरीचं निगेटिव्ह सोडलं, पॉलिश पेपरनं रंग खरवडून धातू उघडा केला, वायरीच्या टोकाला गोल लग (बोल्ट ओवायची धातूची कडी) दाबून बसवला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन फासलं. पुन्हा मोजलं तर ०.०४. जोडावर नुसती काळी टेप गुंडाळू नका. आपल्याकडच्या उन्हात तिचा गोंद पातळ होतो आणि टेप सरकते. उष्णतेनं आकसणारी नळी वापरा.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाजात शिट्टी चढत असेल तर आधी मोबाइलचा चार्जर काढून बघा. ऑक्सची वायर (मोबाइलमधलं गाणं सेटला देणारी) आणि चार्जर एकाच वेळी लावले की हा त्रास पुष्कळदा होतो. गाडीत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याची बॅटरीची केबल एका बाजूनं आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूनं न्या.

माझा जुना, म्हणजे धडधाकट असलेला सेट कामठीच्या भाच्यानं नेला. आठवड्यानं फोन, "मावशी, पाच दिवस गाडी उभी होती, आता सेल्फच घेत नाही." त्यानं लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या सप्लायला जोडल्या होत्या. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर बॅटरीचं निगेटिव्ह आणि तिची सोडवलेली केबल यांच्या मध्ये लावला. अर्धा तास थांबलो, कारण गाडीतली बाकीची यंत्रं झोपायला वेळ घेतात. तोवर दरवाजा उघडायचा नाही, सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. आकडा ०.३४ अँपिअर. ०.०५ च्या आत असायला हवा. पाच दिवसांचे होतात जवळपास ४१ अँपिअर-तास, आणि त्याची बॅटरीच ३५ ची. स्टिरिओचा फ्यूज उपसल्यावर आकडा ०.०२ वर आला, म्हणजे चोर तिथेच.

त्याचा उजवा स्पीकरही मुका होता. त्या स्पीकरच्या दोन्ही तारा सेटपासून सोडवून त्यांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. टक् आवाज आला तर वायर आणि स्पीकर दोन्ही ठीक. आला नाही. दरवाजा पूर्ण उघडून रबरी नळी सरकवली, तर वायर आत तुटलेली, रोजच्या उघडझापीनं. मीटरभर नवी वायर ओवली. स्पीकरची कुठलीही तार बॉडीला लागू देऊ नकोस, सेटचं आउटपुट जळेल, असं त्याला दोनदा बजावलं, कारण त्याच्या हातात पक्कड होती.