तलावाचे पाणी येते कुठून, जाते कुठे : हिशोब कसा मांडायचा

नागपूरकडच्या तलावाचा जमाखर्च नोव्हेंबरमध्ये मांडायला घ्यावा. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, थांबलेला असतो, नाले आटत आलेले असतात, त्यामुळे कमी गोष्टी मोजाव्या लागतात. पावसाळ्यात सुरुवात केली तर सगळेच एकदम वाहते आणि कशाचा किती वाटा, ते कळत नाही.

आधी मोजपट्टी. लोखंडी अँगलवर सेंटिमीटरच्या खुणा करून तो उन्हाळ्यातही पाणी राहील अशा खोल जागी काँक्रीटमध्ये रोवा. नुसता गाळात ठोकला तर हळूहळू खचतो आणि तलाव भरतोय असे वाटू लागते. शून्य सांडव्याच्या माथ्याशी जुळवून घ्या. वाचन रोज सकाळी साडेआठला, पर्जन्यमापकाबरोबरच. दुपारच्या वाऱ्याने पाणी एका काठाला चढते, तेव्हाचा आकडा धरू नका.

आता खर्च. बाष्पीभवनासाठी १२० सें.मी. व्यासाचे, २५ सें.मी. खोल पात्र काठावर उघड्यावर ठेवा. उथळ पात्र तलावापेक्षा जास्त तापते, म्हणून त्यातली घट ०.७ ने गुणावी. समजा डिसेंबरात पात्र रोज ४ मि.मी. उतरते आणि तलाव ७ मि.मी. यात बाष्पीभवन २.८, उरलेले ४.२ मि.मी. पाझर आणि उपसा मिळून. काठावरचे पंप किती तास चालतात ते विचारून उपसा वेगळा काढा. मे महिन्यात पात्रातूनच रोज १० मि.मी. च्या वर जाते, तेव्हा पाझर त्या आकड्याखाली झाकला जातो.

पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी ओल दिसली की गाव घाबरते. घाबरण्याआधी मोजा. झिरपा एका चरात गोळा करून १५ लिटरची बादली धरा. ती २० सेकंदांत भरली तर दिवसाला ६४,८०० लिटर. ऐकायला भयंकर, पण ५ हेक्टरच्या तलावात ती जेमतेम १.३ मि.मी. घट. मात्र पाणी गढूळ येत असेल तर आकडा कितीही लहान असो, पाळीतली माती वाहून जाते आहे. लगेच पाटबंधारे अभियंत्याला दाखवा.

भूजल तलावात येते की तलावातून जाते, हे जवळच्या विहिरीवरून कळते. ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) दोन्हींची पातळी एकाच संदर्भाला जोडा आणि विहिरीचे वाचन पंप सुरू होण्याआधी घ्या. पावसाळ्यानंतर विहीर वर असेल तर भूजल तलावाकडे येते. उन्हाळ्याकडे ती खाली गेली की तलावच विहिरीला पाजतो. एकाच तलावाच्या दोन काठांवर उलट चित्रही दिसते, म्हणून एका विहिरीवर विसंबून राहू नका.

पाण्यातले क्लोराइडही मोजून ठेवा. वाफ होताना मीठ मागे राहते, पाझरताना पाण्याबरोबर जाते. नुसत्या बाष्पीभवनाने पाणी पाचव्या हिश्श्याने घटले तर क्लोराइड सव्वापट व्हायला हवे. तितके वाढले नाही तर पाझर किंवा उपसा मोठा. जास्तच वाढले तर सांडपाणी येत असण्याची शंका घ्या. एप्रिलमध्येही न उतरणारा शहरी तलाव पाहून खूश होण्यापेक्षा काठाने फिरून गटाराचे तोंड शोधावे.

जमेची बाजू जूनपासून. काळी माती भेगाळलेली असते, पहिले पाऊस ती गिळते. १०० हेक्टर पाणलोट (ज्या जमिनीवरचे पाणी तलावात उतरते ती) आणि ५ हेक्टर तलाव धरा. ५० मि.मी. पाऊस झाला आणि काहीच वाहून आले नाही, तर तलाव फक्त ५ सें.मी. चढेल. माती भिजल्यावर त्याच पावसातला २० टक्के वाहून आला तर २५ सें.मी.

सांडव्याच्या वर पाणी किती उंच आहे ते मीटरमध्ये लिहा. रुंद माथ्याच्या सांडव्यासाठी विसर्ग साधारण १.७ × लांबी × उंचीचा दीड घात. १० मीटर लांबी, २० सें.मी. उंची: सेकंदाला दीड घनमीटर, तासाला सुमारे ५५ लाख लिटर. उंची दुप्पट झाली की विसर्ग जवळजवळ तिप्पट होतो. ही उंची माथ्याच्या ऐन कडेवर नव्हे, थोडी मागे, संथ पाण्यात मोजायची. कडेवर पाणी खाली वाकते आणि आकडा कमी येतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तसल्या पावसात मोजपट्टीजवळ जाऊ नये. ओसरल्यावर भिंतीवरची पाण्याची रेघ मोजावी.